वडिलांच्या रिटर्नमधली मी

नोटीस इंग्रजीत होती आणि घरात इंग्रजी वाचणारी मी एकटीच. तरी ती मला तीनदा वाचावी लागली. वडील कुरकुंभला कंपनीत आहेत. त्यांच्या रिटर्नमध्ये अपंग अपत्याच्या सांभाळासाठी करात सूट घेतली होती आणि आयकर खात्याला तिचा पुरावा हवा होता. घरातली रिटर्नची प्रत काढून पाहिली, तर त्या अपत्याचा आधार नंबर माझा होता.

तेव्हा मी पोलीस भरतीसाठी यवतला रोज पहाटे आठशे मीटर धावत होते. सरकारदरबारी मात्र मला ऐंशी टक्के अपंगत्व होतं. भरतीत हे निघालं तर काय?

रिटर्न दौंडच्या एका एजंटाने भरला होता. कंपनीतल्या बहुतेकांचे तोच भरायचा आणि रिफंडातून आपला वाटा घ्यायचा. सगळे त्याला सर म्हणत. आम्ही त्याच्याकडे गेलो. वडिलांनी चपला बाहेर काढल्या.

"ताई, घाबरायचं न्हाई. अशा नोटिसा येत्यात," तो म्हणाला.

"पण सर, मला काहीच झालेलं नाही."

"मग बरंच हाय की. रिफंड आला तवा गोड लागला ना?" मग वडिलांकडे वळून, "मामा, पोरगी लई शिकवली तुम्ही."

दुकानातले दोघे हसले. वडीलही कसनुसं हसले. वडिलांना तसं हसायला लावलं, ते मी त्या माणसाला आजही माफ केलेलं नाही.

आयकराच्या पोर्टलवर वडिलांच्या खात्याला मोबाइल नंबर एजंटाचाच होता, ओटीपी त्यालाच जायचा. आधारला मात्र वडिलांचा मोबाइल जोडलेला होता. त्यावरून मी पासवर्ड बदलला, सूट चुकीची आहे असं उत्तर दिलं आणि रिटर्न दुरुस्त करून भरला.

"आपुन इचारलंच न्हाई गं, कशाचं पैसं आलं ते," वडील म्हणाले.

जुना रिटर्न पोर्टलवरून पुसला जातो का, हे मला अजून कोणी सांगू शकलेलं नाही. म्हणून मी तिथं थांबले नाही. दर रविवारी वडिलांच्या सोबत्यांना घरी बोलावलं. एकाची शेतात राबणारी आई अंथरुणाला खिळलेली दाखवली होती. दुसऱ्याच्या नावे, त्याने नावही न ऐकलेल्या पक्षाला देणगी दाखवली होती. मी प्रत्येकाच्या पोर्टलवरच्या खात्यातून एजंटाचा नंबर काढला. दर वेळी त्याच्या मोबाइलवर मेसेज जात असणार, या कल्पनेने मला बरं वाटायचं. मग आयकर खात्याकडे सगळ्यांच्या सह्यांची तक्रार दिली. त्याचा फोन आला, "ताई, पोटावर पाय देऊ नका." मी फोन ठेवला.

महिन्याभरात दुकानाला कुलूप लागलं. तो शिरूरला गेल्याचं कळलं. शिरूरला माझी मावशी राहते, काका रांजणगावला कंपनीत आहेत. मी तिला फोन केला आणि काकांचा रिटर्न कोण भरतं ते विचारलं.

"दौंडचं कुणी सर आल्यात म्हणं. का गं?"

"रविवारी येते," मी म्हटलं. "काकांना घरीच थांबायला सांग. आणि त्यांच्या सोबत्यांनाही बोलव."