उलट्या हाताचा मायाप्पा

कोगनोळीत मायाप्पा कांबळे म्हणून विचाराल तर माणसं डोकं खाजवतील. उलट्या हाताचा मायाप्पा म्हणा, कुणीही घरापर्यंत आणून सोडेल. धंदा वायरमनचा. तारेला हात लावायचा तर पंजाची पाठ लावायची, कारण करंट असला तर हात मागं फेकला जातो. तळहात लावला की मूठ आवळते आणि मग तार सुटत नाही. हे खूळ त्याच्या अंगात एवढं मुरलं होतं, की चहाचा कप, म्हशीची पाठ, तापलेल्या लेकराचं कपाळ, सगळं तो उलट्या हातानंच बघायचा. "लग्नात माझा हात धरला त्यो बी उलटाच. जणू मीच झटका देणार हुते," असं त्याची बायको तानीबाई अजून चारचौघींत सांगते.

दुसरी सवय म्हणजे कामाआधी फ्यूज काढून शर्टाच्या खिशात टाकायचा. कुणी शहाणा मागं येऊन परत बसवायला नको. फ्यूज खिशात तर जीव खिशात, असं तो म्हणायचा.

म्हणूनच जयाबाईच्या घरी जायला त्याचं मन घेत नव्हतं. तिचे मालक मारुतीराव देवघरात तार जोडताना करंट लागून गेले तेव्हा फ्यूज त्यांच्या खिशातच होता. उचलताना सगळ्या गावानं बघितला. फ्यूज खिशात आणि माणूस करंटनं मेला, आता बोला! गावानं एका दमात ठरवून टाकलं, देवाचा कोप. तेव्हापासून देवघर आणि मागची खोली यांचा करंट गेला तो गेलाच. एकही वायरमन तिथं पाय ठेवायला तयार होईना.

"मायाप्पा, तू तरी बघ रं," जयाबाई दारातच म्हणाली. "पोरगा साईराज नातवाला घिऊन टिळकवाडीतनं यायला तयार न्हाय. म्हणतोय, आप्पा गेलं त्या घरात बाळ आणणार न्हाय. मी देव टाकून तिकडं कशी जाऊ? तोंड तरी बघू दे की मला लेकराचं."

मायाप्पाच्या घरात देव्हारा नाही, बुद्धाची मूर्ती आहे. कोपबिप तो मानत नव्हता. त्याच्या आज्जाला ज्या उंबऱ्याच्या बाहेर उभं करायचे, त्याच घराच्या देवघरात आता त्याला आर्जवं करून नेत होते. त्याला मनातल्या मनात हसू आलं.

आधी पुढचा बोर्ड बघितला. फ्यूज शाबूत होता. मागच्या खोलीत टेस्टर लावला तर टेस्टर मुका, त्यातला दिवा लागेना. म्हणजे करंट वाटेत कुठंतरी अडत होता, आणि वाट एकच, देव्हाऱ्याच्या वरच्या, तारांचे जोड असलेल्या डब्यातून. त्यानं फ्यूज काढला, खिशात टाकला आणि खिसा चाचपून बघितला.

भर दुपारी देवघरात गारठा होता. जयाबाईनं स्टूल पुढं सरकवलं. "हेच हुतं, ह्यांच्या पायाखाली," ती म्हणाली. मायाप्पा चढला. डब्याचं झाकण काढलं आणि त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. जळक्या जोडाच्या तारा खरवडून मारुतीरावांनी अर्धा पीळ दिलेला होता. टेपची पट्टी तशीच लोंबत होती. माणूस पाणी प्यायला खाली उतरलाय आणि येऊन उरलेला पीळ देणार आहे, असंच वाटत होतं.

त्यानं तारांना टेस्टर लावला. मुका.

"आक्का?" त्यानं खाली बघितलं. जयाबाई नव्हती. कधी उठून गेली कोण जाणे. कुठंतरी भिंतीपाशी कुणाचातरी आवाज येत होता. हायवेवरचे ट्रकसुद्धा एकदम लांब गेल्यासारखे वाटले. टेस्टर मुका, फ्यूज खिशात, मग भ्यायचं कशाला? त्यानं पीळ धरायला तळहात पुढं नेला. अन् ऐन वेळी, जन्माची सवय, हात वळला.

त्याच क्षणी देवावरचा बल्ब लख्ख पेटला. टाकातल्या देवाचे डोळे चमकले. मायाप्पाचा हात फेकला गेला आणि स्टुलासकट तो खाली आला.

त्यानं खिसा चाचपला. फ्यूज होता. अहो, मानत नव्हता ना कोप? त्या घटकेला मानला त्यानं!

जयाबाई धावत आली. "लागला! उजेड लागला! आरं, पडलास कसा?"

"आक्का, कुठं गेलतासा?"

"कुठं न्हाय रं. देव अंधारात हाय, म्हटलं तुझं काम हुईस्तवर तरी... भिंतीपलीकडं राजाबाईला हाक मारली, तुमच्याकडनं बटन लाव म्हणून."

राजाबाई म्हणजे तिची जाऊ. भावाभावांनी घर वाटून मधे भिंत घातली, पण देव कसा वाटणार? तो थोरल्या मारुतीरावांकडंच राहिला आणि पाळी ठरली. एक साल थोरल्याची, एक साल धाकट्याची. ज्याची पाळी, देवाच्या बल्बला करंट त्याच्या घरचा. यंदा पाळी थोरल्याची, म्हणून पलीकडचं बटन बंदच असायचं. त्यापायी पलीकडची तार भिंतीतून येऊन त्याच डब्यात मिळाली होती. शहाण्यांनी देवाचा दिवासुद्धा वाटून घेतला, पण तारेला कुठली वाटणी कळते?

मायाप्पा उठून बसला. "आक्का, त्या दिशी बी हाक मारलीसा व्हय?"

"व्हय तर. हे वर चढलेलं, देव अंधारात. मीच सांगितलं तिला. बल्ब लागला बघ, आन त्याच येळी..." तिनं पदर तोंडाला लावला. "देवानं उजेड दिला आन माणूस नेला."

मायाप्पानं स्टूल उभं केलं. राजाबाईला ओरडून बटन बंद करायला लावलं, टेस्टर लावून खात्री केली आणि पलीकडची तार पकडीनं तोडून टाकली. मारुतीरावांचा अर्धा पीळ पुरा केला, टेप गुंडाळली, फ्यूज बसवला. देवघर उजळलं, मागची खोली उजळली.

"कोप न्हाय, आक्का. पलीकडची तार हुती. तोडली. आता बाळाला बिनघोर बोलवा."

जयाबाई त्या तुटक्या टोकाकडं बघत राहिली. चेहऱ्यावरचा आनंद हळूहळू उतरत गेला. "म्हंजी... मी हाक मारली नसती तर?"

मायाप्पा करंटच्या बाबतीत उभ्या जन्मात खोटं बोलला नव्हता.

"तरी गेलंच असतं," तो म्हणाला. "पलीकडचं बटन उलटं जोडलंय, आक्का. बंद असलं तरी तार जित्तीच. तुमच्या हाकंचा काय संबंध न्हाय."

हाक मारायच्या आधी टेस्टर मुका होता, बटन लागेपर्यंत तार मेलेलीच होती, हे एकट्या त्यालाच ठाऊक होतं. मायाप्पानं जयाबाईचा हात धरला, सरळ तळहातानं, आणि तिनं सोडवून घेईपर्यंत सोडला नाही.