सुनेचा डोळा, सासऱ्याचं उत्तर

त्या बाईच्या पापणीत सुई बोचली ती माझ्या चुकीने. डॉक्टर हयात असताना हे त्यांना सांगायचे धाडस मला झाले नाही.

सोलापुरात डोळ्यांच्या एका दवाखान्यात मी तेव्हा कंपाउंडर होतो. खुपऱ्यांच्या रोगाने पापण्या आत वळून केस बुबुळाला घासत, असे रोगी आसपासच्या गावांतून येत. शस्त्रक्रियेआधी पापणीत बधिर करणारे इंजेक्शन द्यावे लागे, आणि लोकांना धास्ती त्या सुईचीच. म्हणून सुई कळू नये यासाठी आधी पापणी उलटून बधिर करणारे कोकेनचे थेंब घालायचे, त्यातच भिजवलेला कापूस आत ठेवून थांबायचे, मग कोरड्या कापसाचे टोक लावून विचारायचे, "काही कळतंय का?" हे काम माझे.

मंगळवारचा बाजार होता. ओसरीवर बसायला जागा नव्हती. दुधनीकडच्या मेंढपाळ घरातली एक तरुण सून सासऱ्याबरोबर आली होती. दोन्ही डोळे खराब. त्या दिवशी उजवा करायचा होता. सासऱ्यासमोर ती तोंड उघडत नव्हती. कापूस नुकताच ठेवला होता, तोच आतून डॉक्टरांची हाक आली, "झालं का रे?"

मी तिला विचारले. उत्तर सासऱ्याने दिले.

"झालं की बधिर! शेरडांमागं काट्याकुट्यातनं फिरती ती, लई नाजूक न्हाय. टोचा बिनघोर."

ओसरीवरचे लोक हसले. मीही हसलो. कापसाचे टोक लावून पाहिलेच नाही, आणि "झालं" म्हणून आत सांगितले.

सुई शिरली तेव्हा ती ओरडली नाही. लुगड्याचा काठ मुठीत आवळला. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. मी बाटली पुसू लागलो.

डाव्या डोळ्यासाठी ती आलीच नाही.

काही वर्षांनी अक्कलकोटच्या बाजारात घोंगड्या विकताना दिसली. केस घासून डाव्या बुबुळावर पांढरा पडदा आला होता. मी कोण ते सांगितले.

"तुमी व्हय ते कापूसवाले?" तिचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होतो. "लई आग झाली हुती बगा. पुन्यांदा यायचा धीर न्हाय झाला." आणि मला बसायला तिने घोंगडी पुढे सरकवली.

मला बसवेना.

"बाई, डोळा तुमचा होता, आणि उत्तर मी सासऱ्याचं घेतलं. थांबायला हवं होतं, थांबलो नाही. हा डोळा माझ्यामुळं गेला. मला माफ करा."