परवानगीशिवाय आरती

आखातातल्या सनाबिसच्या आमच्या फ्लॅटमध्ये मुलगी शाळेचा प्रोजेक्ट करत बसली होती. विषय होता मध्ययुगातला एक ख्रिस्ती पंथ. ही साधी माणसं धर्मग्रंथ आपल्या बोलीत वाचायची आणि चर्चची परवानगी न घेता प्रवचन करायची. एवढ्यासाठी त्यांना वाळीत टाकलं, तुरुंगात घातलं, काहींना तर जिवंत जाळलं.

"काय मागासलेले लोक!" मी म्हणालो. मी इथल्या मराठी मंडळाच्या कमिटीवर आहे, तेव्हा सहिष्णुतेवर बोलायचा मला अधिकारच आहे.

त्याच आठवड्यात कमिटीने एका ड्रायव्हरला मंडळातून काढलं होतं. कोकणातला माणूस. गणपतीत त्याने चार ओळखीच्यांना खोलीवर बोलावून, कमिटीला न विचारता, आपल्या गावच्या चालीत आरती केली. आम्ही काही जाळपोळ करणारे नव्हे. आम्ही फक्त लेखी माफीनामा मागितला. तो म्हणाला, "चुकलो असेन तर देवाची माफी मागेन, तुमची कशाला?" मग खलास! व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून बाहेर. त्याच्याकडे जाणाऱ्यांनाही तंबी. ठराव एकमताने पास, वर चहा-समोसे.

मुलीने इंग्रजीतच विचारलं, "बाबा, पण त्या लोकांची नावं चर्चला सांगायचं कोण?"

"शेजारीपाजारी," मी म्हणालो. "ओळखीतलेच नीच लोक."

तिने ते जसंच्या तसं लिहून घेतलं.

त्या आरतीचा व्हिडिओ कमिटीला मीच पाठवला होता. त्याच्या खोलीवर पोटभर प्रसाद खाऊन घरी आल्यावर.