मुद्दाम पडकी ठेवलेली भिंत

नलिनीताईंची आणि माझी पहिली भेट इथे अमेरिकेतल्या आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत झाली. मी मॅट्रिक झालेली गृहिणी, मंडळाचा जमाखर्च लिहिणारी. त्या नावाजलेल्या आर्किटेक्ट. शाळेच्या हॉलमध्ये मखर डगमगत होतं. कुणी म्हणे, नवीन टेबल आणू. ताईंनी मिठाईच्या रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा दुमडून टेबलाच्या पायाखाली सरकवला आणि म्हणाल्या, "आता बाप्पा निवांत बसतील." माझ्यासारख्या काटकसरी बाईला त्या तिथेच आवडल्या.

पुढे ताईंनी आणि शरदरावांनी राहतं घर विकून पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात एक गोल दगडी बुरूज घेतला. कुणा गिरणीमालकाने फार पूर्वी तो बागेत निव्वळ हौसेने बांधला होता. राहायला नाही, नुसता बघायला. जुनी गढी वाटावी म्हणून पूर्वेची भिंत मुद्दामच पडकी बांधलेली, बरेच दगडही गवतात विखरून ठेवलेले. जुन्या वास्तू जपणाऱ्या गावच्या कमिटीची अट एकच: बाहेरचं रूप बदललं तर राहायची परवानगी नाही.

एका शनिवारी आम्ही मंडळी साफसफाईला गेलो. ताई, शरदराव आणि मी गावातल्या त्यांच्या तात्पुरत्या खोलीवर जेवण करून आणायला गेलो. परत येतो तो पुरुषमंडळी घामाघूम होऊन हसत उभी!

"ताई, तुमचं अर्धं काम आम्हीच करून टाकलं," आमचे हे म्हणाले. गवतातले सगळे दगड त्यांनी भिंतीवर रचून टाकले होते.

"अहो, हे काय केलंत?" मी ओरडले.

"पडकी भिंत घराला शोभते का?"

शरदराव म्हणाले, "नलिनी, सोमवारी कमिटी येणार. आता आपण राहायचं कुठे?"

ताई कुणावर रागावल्या नाहीत. गवताकडे बघत म्हणाल्या, "दगड होता तिथलं गवत पिवळं पडलंय. त्या आकाराचा दगड तिथे जाईल. पण आधी जेवून घ्या, पिठलं गार होतंय."

जेवण झाल्यावर दगड पुन्हा उतरू लागले. नागपूरचा नितीन म्हणाला, "हे तर जिगसॉ पझल झालं यार!"

"मोडलंत तुम्ही, आता लावा तुम्हीच," ताई म्हणाल्या, आणि सगळे हसले.

सोमवारी कमिटीचे वृद्ध गृहस्थ आले. त्यांनी काही विचारायच्या आतच ताईंनी सगळं सांगून टाकलं. "आमच्या लोकांना पडकी भिंत बघवत नाही. प्रेमाने हात लावला," एवढंच. नाव कुणाचं घेतलं नाही. गृहस्थ हसले, दगडांभोवती फिरले आणि त्यांनी परवानगीवर सही केली. शरदरावांकडून हे कळलं तेव्हा आमच्या ह्यांनी लगेच ताईंना फोन लावून माफी मागितली.

ताईंनी त्या खिंडाराच्या आतून काचेची भिंत घेतली. बाहेर गढी तशीच, आत ऊबदार घर. मी विचारलं होतं, "गोल घरात ईशान्य कोपरा कुठून आणणार?"

"कोपरा नसेल वहिनी, ईशान्य दिशा तर आहे ना?" बुरजाला शोभेपुरती एक बुजवलेली खिडकी होती. तिच्या आतल्या कोनाड्यात त्यांनी देवघर केलं. सकाळी पडक्या भिंतीतून ऊन येतं ते थेट देवांच्या पायांवर.

आज ताईंना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांची भिंत अशीच पडकी राहो आणि तिच्या आत ताई व शरदराव धडधाकट राहोत, एवढंच त्या कोनाड्यातल्या देवापाशी मागणं. आमच्या ह्यांनी हात जोडून कळवलंय, की ते दगडांना हात लावणार नाहीत.