कॅनडा म्हणजे गाव

सुकटीचा वास आला की मला सातवीतला भूगोलाचा एक तास आठवतो. मी आणि माझी मैत्रीण, आम्ही दोघी बाळकुमच्या कोळ्यांच्या पोरी, घरं भिंतीला भिंत लागून. ठाण्यातल्या शाळेत एकाच बाकावर बसायचो आणि दोघींच्या दप्तरांना तो वास असायचा. बाई सांगत होत्या की कॅनडातल्या मूळ लोकांनी आपल्या वस्तीकडे हात करून ‘कनाता’ म्हटलं, म्हणजे गाव, आणि गोऱ्यांनी अख्ख्या देशाचंच नाव कॅनडा करून टाकलं. ‘तुमच्या वस्तीकडे बोट दाखवून कुणी विचारलं तर काय सांगाल?’ मी ताडकन उठले, ‘यो आमचा गाव हाय!’ वर्ग फिदीफिदी हसला. बाईंनी मैत्रिणीला विचारलं, ‘तुमच्याकडे असंच बोलतात का गं?’ माझ्याकडे न बघता ती म्हणाली, ‘आमच्याकडे नाही, बाई,’ आणि तिने दप्तर माझ्यापासून लांब सरकवलं. तेव्हा मी रडले नाही. संध्याकाळी आईने हाक मारली, ‘जेवाला ये गो,’ तशी मी तिच्यावरच ओरडले, ‘जेवायला म्हण!’ तिने ताट वाढलं. मैत्रिणीला मी अजून माफ केलेलं नाही. आई मात्र त्या दिवसापासून शेवटपर्यंत माझ्याशी बोलताना ‘जेवायला’च म्हणाली.