कोसा साडी आणि माझा खताचा खड्डा

आधी हातातला कप खाली ठेवा बरं, नाहीतर चहा सांडाल! मी काय घोळ घातला ते आपल्याच तोंडाने सांगायची लाज वाटते. पण रायपुरातल्या आमच्या अख्ख्या तात्यापारा मोहल्ल्याला माहीत झालंय, मग तुमच्यापासून काय लपवायचं?

ऑफिस नव्या रायपूरला गेलं आणि तिथे साहेबांनी मला कचऱ्याच्या प्रशिक्षणाला बसवलं. एकच दिवस! पण घरी आलो तो सर्वज्ञ होऊन. कुजणारा कचरा हिरव्या डब्यात, न कुजणारा निळ्या. परसात खताचा खड्डा खणला. भाजीची देठं, चहाचा चोथा, पत्रावळी, सगळं त्यात. घरी कुणीही आलं की त्याला खड्ड्यापाशी उभं करायचो आणि सुरू व्हायचो, "जे खरं असते ते माती खाते. माती खात नाही ते नकली!"

पाहुणे बिचारे चहाची वाट बघत माना डोलवायचे.

आता साडीचं ऐका. लग्नाच्या वाढदिवसाला मी बायकोला, म्हणजे सुलूला, कोसा साडी घेतली होती. आपल्या छत्तीसगडचं अस्सल रेशीम! दुकानात मीच धागा चिमटीत धरून पारख केली. सुलूने ती जुन्या धोतरात गुंडाळून जिवापाड जपली.

उन्हाळ्यात तिच्या भाच्याचं लग्न निघालं. ती बाजारात गेली होती. म्हटलं, आपण साडीला इस्त्री करून ठेवू, खूश होईल. तेवढ्यात मित्राचा फोन आला. त्याला ओला कचरा समजावत बसलो आणि इस्त्री पदरावर तशीच राहिली.

चर्रर्र!

पदराला इस्त्रीच्याच आकाराचं भोक! कडेला काळे कडक मणी धरलेले, पण तिकडे बघायला कुणाला वेळ होता? सुलू यायच्या आत पुरावा नाहीसा करायचा होता. आणि मला खड्डा आठवला! कोसा म्हणजे किड्याचं रेशीम. पक्का कुजणारा कचरा. खड्डा ढवळणारा मी एकटा. दिली पुरून, वर शेणकाला ओतला.

"अहो, माही कोसा साडी दिसून नाही राहिली!"

"ड्रायक्लीनवाल्याले देली ना. तो गावाले गेला."

सुलू लग्नाला जुनी पैठणी नेसून गेली. ड्रायक्लीनवाला मात्र पावसाळाभर गावीच राहिला. त्याच्या घरात मी दोन आजारपणं आणि एक बारसंही उरकून घेतलं!

भाद्रपदात आमच्याकडे महालक्ष्म्यांचं जेवण. पंगती उठल्या, बायका हातावर पाणी घेऊन परसात आल्या. शेजारच्या मालूकाकू म्हणाल्या, "भाऊ, तुमचं ते खत तं दाखवा!"

मला कशाची भीती? साडी केव्हाच माती झाली असणार. मी फावडं घेतलं, घसा साफ केला आणि सगळ्यांना ठासून सांगितलं, "जे खरं असते ते माती खाते. माती खात नाही ते नकली!"

पहिलं फावडं, काळंभोर खत. बायका वाहवा करू लागल्या. दुसरं फावडं कशाला तरी अडकलं. मी ओढलं. ते आलं. आणखी ओढलं, आणखी आलं! द्रौपदीची साडीही एवढी लांबली नसेल. मालूकाकूंनी भाबडेपणाने वरून बादलीभर पाणी ओतलं आणि लाल काठ असा झळकला, जसा कालच दुकानातून आणलाय!

आमची पोट्टी पिंकी ओरडली, "पापा, ये तो मम्मी की साड़ी है! ड्रायक्लीनवाला यहीं रहता है क्या?"

सुलूने भोक पाहिलं. साडी पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. जमीन दुभंगावी असं वाटलं हो! पण तिथे तर मीच खड्डा करून ठेवला होता.

"जळली ते जळली," ती म्हणाली. "पन कुजली काहून नाही?"

तेव्हा कुठे मला ते काळे मणी आठवले. रेशीम कधी वितळतं का? वितळतं ते प्लास्टिक!

"बोला ना! आताच तं सांगून राहिले होते, माती खात नाही ते नकली!"

हसता हसता बायकांचे पदर तोंडात गेले. मालूकाकू तर ओट्यावरच बसल्या.

दुसऱ्या दिवशी निमूटपणे नवी कोसा घ्यायला गेलो, सुलूला सोबत घेऊन. रेशीम खरं आहे याची खात्री पटवायला दुकानदार म्हणाला, "दीदी, धागा जलाकर दिखाऊँ?"

"राहू द्या भैया. जाळायचं काम आमच्या घरी होते."

घरी येताच तिने नव्या साडीच्या ब्लाउजपीसचा कोपरा कापला, खड्ड्यात पुरला आणि वर काडी रोवली. "कुजला तं मी नेसीन. नाही कुजला तं तुमी नेसा!"

तेव्हापासून ऑफिसला निघताना रोज त्या काडीसमोर हात जोडून उभा राहतो. बायकोला घेतलेली साडी सडू दे रे देवा, असं साकडं घालणारा नवरा अख्ख्या रायपुरात दुसरा असेल, तर दाखवाच मला!