गोटमारीचे टाके

शाळेतल्या मास्तरांच्या कपाळातून रक्त वाहत होतं आणि ते मला बाजूला बोलवत होते. पोळ्याचा दुसरा दिवस. पांढुर्ण्यात त्या दिवशी नदीच्या दोन काठांवरून लोक एकमेकांना दगड मारतात. तिला गोटमार म्हणतात. परंपरा आहे. माझा दवाखानाही परंपरेनंच भरतो. मदतीला सौंसरहून माझा वर्गमित्र दीपक येतो. तोही डॉक्टर.

मास्तर हळूच म्हणाले, "मॅडम, मले एचआयव्ही हाय. गोळ्या रोज खाऊन राहिलो. बाहेर होणारे व्याही बसले हायेत. त्याईले कळू देऊ नका."

दीपकनं ते ऐकलं. मला आत ओढून म्हणाला, "नागपूरले रेफर कर. चिठ्ठीवर कारण लिही."

म्हणजे चिठ्ठी व्याह्यांच्या हातात, आणि पोरीचं लग्न मोडलं. मला राग आला.

गोळ्या नीट घेतल्या की रक्तातला विषाणू इतका घटतो, की तपासणीत सापडतच नाही. मास्तरांनी मोबाइलवर दाखवलेला रिपोर्ट तसाच होता. खरी धास्ती ज्यांना स्वतःचंच ठाऊक नाही त्यांची.

मी दीपकला विचारलं, "सकाळपासून एवढी डोकी शिवली, त्यातल्या कोणाची टेस्ट केली तू?"

"नाही."

"ग्लोव्ज बदलले?"

"गर्दी होती ना." मग तो अंगठ्याकडे बघत राहिला. "सकाळी सुई टोचली. कोणाची, ते आठवून नाही राहिलं."

सुई टोचली की जागा साबणपाण्यानं धुवायची आणि लागण टाळणारी औषधं लगेच सुरू करायची, फार तर बहात्तर तासांत. ती महिनाभर घ्यायची. दीपकनं सकाळी अंगठा नुसता तोंडात घालून चोखला होता.

मास्तरांना मी शिवलं. ग्लोव्ज नवे, बाकी सगळं नेहमीचंच. बाहेर व्याह्यांना सांगितलं, दगड लागला, टाके घातले. व्याही सावरगावचे, म्हणजे समोरच्या काठाचे. दगड आमच्याकडचाच असेल, असं अभिमानानं म्हणाले. लग्न ठरल्या तारखेला झालं.

दीपकला औषध इथल्या सरकारी दवाखान्यात तासाभरात मिळालं असतं. त्यानं नागपूरची गाडी पकडली. इथं कोणी ओळखीचं पाहील म्हणाला. महिनाभर मळमळत्या पोटानं त्यानं गोळ्या घेतल्या. नंतरच्या सगळ्या टेस्ट निगेटिव्ह आल्या.

आता तो गोटमारीला येताना ग्लोव्जची खोकी स्वतःच आणतो. प्रत्येक डोक्याला नवी जोडी. कोणाला काय आहे, हे विचारत नाही.